कऱ्हेकांठचें नगर

बारामतीचें नांव निघालें म्हणजे जुन्या वळणाच्या वाचकाला मोरोपंतांची आर्या आठवते आणि नव्या वाचकाला साखर कारखाने, महाविद्यालयें व राजकारण आठवतें. दोन्ही आठवणी यथार्थ आहेत. परंतु कवि आणि पुढारी यांच्या चरित्रांनीं नगराचा इतिहास संपत नाहीं. पाणी कोठून येतें, रस्त्यावर दिवा कोण लावतो, गल्ली कोण झाडतो, बाजार कोठें भरतो, आणि या सर्व सोयींवर हक्क कोणाचा, असा एक दुसरा इतिहास प्रत्येक नगराच्या पोटांत दडलेला असतो. तो बखरींत येत नाहीं, पण त्यावांचून नगर म्हणजे काय हें कळत नाहीं. बारामतीच्या बाबतींत हा दुसरा इतिहास विशेष बोधप्रद आहे. कारण या एकाच नगरानें तीन शतकांच्या अवधींत दात्याचा आश्रय पाहिला, सरकारची सत्ता पाहिली, नगरपालिकेचा कारभार पाहिला आणि सहकाराचा उत्कर्षहि पाहिला.

प्रथम भूमीचा विचार करूं. पुणें जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधोमध हा प्रदेश पसरला आहे. भीमेच्या थडीचा म्हणून तो भीमथडी. थडी म्हणजे कांठ. येथील तट्टें मराठी फौजेंत नांवाजलेलीं होतीं, पण जमिनीला पावसाचें दान मात्र तुटपुंजें. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा मेघ येथें येईपर्यंत रिता होतो आणि वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला तरी शेतकरी समाधान मानतो. पुरंदरच्या डोंगरांत उगम पावलेली कऱ्हा सासवड, जेजुरी, मोरगांव अशीं तीर्थें पावन करीत बारामतीस येते आणि पुढें सोनगांवाजवळ नीरेस मिळते. ब्रह्मदेवाच्या कमंडलूंतून ती निघाली अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणूनच श्रीधरस्वामींनीं शके १६४० मध्यें, म्हणजे इसवी सन १७१८ सालीं, शिवलीलामृत पूर्ण केलें तेव्हां या नदीचा उल्लेख ब्रह्मकमंडलू असा आणि नगराचा उल्लेख द्वादशमती असा केला. नांवें मोठीं खरीं. पण नदी उन्हाळ्यांत आटणारी. पाण्याची ही चणचण बारामतीच्या सामाजिक जीवनाची पहिली अट होय.

अठराव्या शतकांत या नगराला वैभव आलें तें नाईक घराण्यामुळें. बारामतीकर नाईक हे सावकार. सदाशिव नाईक जोशी ऊर्फ बाबूजी नाईक यांचे बंधु आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई दिली होती. सावकारी आणि सोयरीक यांच्या बळावर हें घराणें राजकारणांत एवढें वर चढलें कीं, १७४० सालीं थोरले बाजीराव निवर्तले तेव्हां रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्यानें बाबूजी नाईकांनीं पेशवाईच्या वस्त्रांचीच मागणी शाहू छत्रपतींकडे केली. तीं वस्त्रें नानासाहेबांस मिळालीं हें सर्वश्रुत आहे. पेशवेपद हुकलें, तरी कऱ्हेच्या कांठचा नाईकांचा वाडा पुढें मराठी कवितेचें आश्रयस्थान झाला. पन्हाळगडीं १७२९ सालीं जन्मलेले मोरेश्वर रामचंद्र पराडकर याच आश्रयास आले आणि १७९४ सालीं बारामतींतच त्यांनीं देह ठेविला. भारताचीं पर्वें त्यांनीं आर्यावृत्तांत आणलीं, केकावली रचिली आणि पुराण सांगून श्रोत्यांचीं मनें निववलीं.

या पुराणश्रवणाकडे केवळ धर्मकृत्य म्हणून पाहणें बरोबर नाहीं. त्या काळीं देवळाचा सभामंडप हेंच नगराचें सभागृह होतें. सिद्धेश्वर आणि काशीविश्वेश्वर यांच्या देवळांसारख्या ठिकाणीं लोक एकत्र जमत, बातमी ऐकत, तंटे सांगत आणि निरक्षर असले तरी महाभारतांतील राजनीति कानांनीं शिकत. आज वाचनालय, सभागृह आणि नभोवाणी यांनीं वांटून घेतलेलें काम तेव्हां एकटा पुराणिक करीत असे.

परंतु या व्यवस्थेचें एक लक्षण ध्यानांत ठेविलें पाहिजे. घाट, देऊळ, धर्मशाळा, पाणपोई, अन्नछत्र या सर्व सोयी दात्याच्या इच्छेवर उभ्या होत्या. पुण्यप्राप्तीसाठीं धनिकानें विहीर खणावी, प्रवाशानें तिचें पाणी पिऊन त्याला दुवा द्यावा, असा तो व्यवहार. पुण्यांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी नळानें शहरांतील हौदांत आणलें तेंहि राजाचें औदार्य म्हणूनच लोकांनीं स्वीकारलें. औदार्य ही थोर गोष्ट खरी. पण त्याविरुद्ध तक्रार करण्याची सोय नसते. दाता निवर्तला, घराणें खालावलें, म्हणजे घाटाच्या पायऱ्या ढासळत आणि त्या कोणीं बांधाव्या हा प्रश्न अनुत्तरित राही. शिवाय औदार्याचा प्रवाह जातीच्या उतारानेंच वाहत असे. गांवाची सफाई, मेलेलीं ढोरें ओढणें, वेशीची राखण, सरकारी सांगावा पोंचवणें हीं कामें ज्यांच्याकडून घेतलीं जात त्यांची वस्ती गांवकुसाबाहेर. सार्वजनिक कामाचा मोठा भार त्यांच्या शिरावर, आणि सार्वजनिक विहिरीपासून दूर उभें राहण्याची सक्तीहि त्यांच्यावरच. दख्खनच्या बहुतेक गांवांचा नकाशा या विसंगतीवर आंखलेला होता. त्याला नगररचना म्हणावयाचें असेल तर म्हणावें. मात्र ती समतेची रचना नव्हती.

याच जुन्या जीवनांत एक गोष्ट मात्र अशी होती कीं जी वर्षांतून एकदां सगळ्या गांवाला कामास लावी. ती म्हणजे पालखीचा मुक्काम. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं पादुका पालखींत ठेवून पंढरीस नेण्याची प्रथा घातली. देहूहून निघालेली ही पालखी पुणें, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करीत बारामतीस येते आणि काटेवाडीवरून सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या मार्गानें पुढें जाते. काटेवाडीस परीट बंधु पालखीखालीं धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढपाळ आपलीं मेंढरें पालखीभोंवतीं रिंगणांत पळवतात, तें दृश्य विख्यात आहे.

नागरिक जीवनाच्या अभ्यासकानें या मुक्कामाकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें. स्वतःच्या लोकसंख्येहून मोठा समुदाय एका रात्रीसाठीं नगरांत उतरतो. त्याला पाणी हवें, निवारा हवा, भाकरी हवी, दिवा हवा, शौचाची सोय हवी, आजाऱ्याला औषध हवें. जुन्या काळीं पटकीची सांथ यात्रेच्या वाटेनेंच गांवोगांव पसरे. एका मुक्कामाची घाण पुढच्या मुक्कामाचें मरण होई. त्यामुळें यात्रेकरूंची व्यवस्था हा भूतदयेपुरता विषय न राहतां सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला. घरोघर भाकऱ्या थापून वारकऱ्याला जेवूं घालणें हें एका घरालाहि जमतें; पण हजारों माणसांना शुद्ध पाणी पुरविणें आणि त्यांच्यामागें गांव स्वच्छ करणें हें एकट्या-दुकट्याचें काम नव्हे. त्याला संस्था लागते. वारकऱ्यांच्या मुक्कामानें दरसाल हा धडा दिला, आणि नगरपालिका ही त्या धड्याची पुढची पायरी होती असें म्हणतां येईल.

बारामतीची नगरपालिका १८६५ सालीं स्थापन झाली. त्यापूर्वीं पंधरा वर्षें, १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानें, कोणत्याहि गांवच्या लोकांची इच्छा असल्यास तेथें नगरपालिका स्थापण्याची मुभा सरकारनें दिली होती. पुढच्या काळांत व्यापाराला तेजी आली. १८६० सालापर्यंत लोहमार्ग पुण्याहून सोलापुरापर्यंत पोंचला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले आणि दख्खनच्या बाजारपेठांत पैसा खेळूं लागला. त्याच सुमारास मुंबई इलाख्यांतील अनेक लहान नगरांना नगरपालिका मिळाल्या. शेजारचें इंदापूरहि त्याच वर्षांतलें.

ही संस्था आजच्या अर्थानें लोकांची नव्हती. तिचे सभासद सरकारनें नेमलेले, अध्यक्षपद सरकारी अधिकाऱ्याकडे आणि उत्पन्न मुख्यतः जकातीचें. नाक्यावर बैलगाडी अडवून मालावर कर घेणारा कारकून, हाच नागरिकांना नगरपालिकेचा पहिला परिचय. साहजिकच लोकांना ती प्रिय नव्हती. परंतु एक मूलभूत फरक या नापसंतीच्या आड घडून आला होता. आतां रस्त्यावरचा कंदील नाईकांच्या कृपेनें लागत नव्हता. तो लोकांच्या पैशानें लागत होता. कर देणारा मनुष्य कंदील विझला तर विचारूं शकतो. या विचारण्याच्या हक्कांतून नागरिकत्वाचा जन्म होतो.

तो जन्म सुखाचा मात्र नव्हता. नगरपालिका स्थापन होऊन दहा वर्षें होतात न होतात तोंच या मुलखावर दोन संकटें कोसळलीं. बारामतीच्या वायव्येस सुपें हें बाजाराचें गांव आहे. कापसाचे भाव पडले, सारा वाढला, सावकाराचें देणें फिटेना. आणि १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला करून गहाणखतें व दस्तऐवज जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत नोंदल्या गेलेल्या उठावाचा आरंभ तो हाच. त्याच्या चौकशीसाठीं आयोग बसला आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. परंतु कायदा येण्यापूर्वींच दुष्काळ येऊन ठेपला. १८७६ आणि १८७७ या सालांनीं भीमथडी उजाड केली. लोक खडी फोडण्यास आणि तळीं खोदण्यास निघाले. शिर्सुफळचा तलाव हा त्या काळच्या दुष्काळी कामाची खूण आहे.

याच दुष्काळांतून नीरा डावा कालवा निर्माण झाला. नीरेची उपनदी येळवंडी हिच्यावर भाटघर येथें दगडी धरण बांधून पावसाचें पाणी अडवावयाचें, तें नदींतून वीरच्या बंधाऱ्यापर्यंत सोडावयाचें आणि तेथून कालव्यानें पुरंदर, भीमथडी व इंदापूर या तालुक्यांत न्यावयाचें, अशी ही योजना. १८८५ च्या सुमारास कालव्यांतून पाणी वाहूं लागलें. त्याची लांबी सुमारें १०० मैल भरली. पुढें १९२० नंतरच्या दशकांत अधिक उंचीचें नवें धरण झालें आणि पाण्याची शाश्वति वाढली. ज्या नगराचें जीवन आटणाऱ्या कऱ्हेवर अवलंबून होतें त्याच्या कुशीतून आतां सह्याद्रीचें पाणी उन्हाळ्यांतहि वाहूं लागलें. आजहि बारामतीचा पाणीपुरवठा मुख्यतः याच कालव्यावर आहे. आवर्तन आलें कीं साठवण तलाव भरून घ्यावयाचे आणि पुढील आवर्तनापर्यंत तें पाणी पुरवावयाचें, हा नगराचा क्रम आहे.

कालव्यानें माणसें आणलीं. सासवडकडचे माळी बागायतदार उंसाचें ज्ञान आणि कष्टाची संवय घेऊन कालव्याच्या पाठोपाठ खालच्या बाजूस सरकले. त्यांनीं खंडानें जमिनी घेतल्या, गुऱ्हाळें उभीं केलीं, आणि बारामतीची पेठ गुळासाठीं प्रसिद्धीस आली. १९१४ सालीं दौंड ते बारामती हा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला आणि गुळाच्या ढेपा त्या छोट्या गाडींतून दूरच्या बाजारांत जाऊं लागल्या. पुढें हा मार्ग रुंद मापाचा करण्यांत आला. बाजाराबरोबर अडते, हमाल, गाडीवान, तोलार, शिक्षक, वकील, डॉक्टर आले. जुन्या कसब्याभोंवतीं नव्या आळ्या उठल्या. ज्यांचा एकमेकांशीं वतनाचा वा बलुत्याचा संबंध नाहीं असे लोक शेजारी राहूं लागले. खेड्यांत मनुष्याची ओळख त्याच्या घराण्यावरून होते. पेठेंत ती त्याच्या व्यवहारावरून होऊं लागली. जुन्या शेजाराच्या जागीं नवा शेजार घडविण्याचें काम मग शाळा, वाचनालय, तालीम आणि गणेशोत्सव यांनीं केलें.

मात्र कालव्याचें दान निर्दोष नव्हतें. उताराचा विचार न करतां पाणी भरमसाट दिलें गेलें. निचऱ्याची सोय नव्हती. तेव्हां काळ्या जमिनींतलें मीठ वर आलें आणि चांगलीं शेतें पांढरीं पडलीं. शेतकी खात्याचे शास्त्रज्ञ हॅरल्ड मॅन आणि तम्हाणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं तो प्रसिद्ध केला. पाणी आणणें ही अर्धी योजना. आणलेलें पाणी बाहेर काढणें ही उरलेली अर्धी, हा त्या अभ्यासाचा बोध. नगराच्या बाबतींतहि तो तंतोतंत लागू पडतो. घरांत नळ आला म्हणजे गल्लींत सांडपाणी आलें. आणि नळाच्या उद्घाटनाला जमणारी मंडळी गटाराच्या बांधणीला क्वचितच जमते.

आतां कारभाराकडे वळूं. १८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें स्थानिक स्वराज्याविषयींचा ठराव प्रसिद्ध केला. कारभार अधिक चोख व्हावा हा त्याचा मुख्य हेतु नव्हता. लोकांना राजकीय शिक्षण मिळावें हा होता. त्यास अनुसरून १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांत निवडून दिलेल्या सभासदांना स्थान मिळालें. तथापि मताचा हक्क कर भरणाऱ्या आणि मालमत्ता असणाऱ्या थोडक्या पुरुषांपुरता होता. हमाल, झाडूवाला आणि घरोघरच्या स्त्रिया या सर्वांचा नगराशीं रोजचा संबंध अधिक, पण नगराच्या कारभाराशीं संबंध मुळींच नाहीं.

नगरपालिकेचा पैसा कशासाठीं, या प्रश्नाला त्या काळांत सर्वांत निर्भीड उत्तर पुण्यांत मिळालें. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठीं एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हां त्याविरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असें त्यांचें म्हणणें होतें. त्यापूर्वीं १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. हौद खुला करणें आणि खर्चाला विरोध करणें या दोन कृतींमागें एकच तत्त्व आहे. जें सार्वजनिक आहे तें सर्वांच्या उपयोगी पडलें पाहिजे.

या तत्त्वाची खरी कसोटी विसाव्या शतकांत लागली. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें संमत केला. सार्वजनिक पैशानें बांधलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने हीं अस्पृश्यांना मोकळीं असावींत, असा तो ठराव. त्याची अंमलबजावणी मात्र नगरपालिका आणि लोकल बोर्डें यांच्या हातीं होती. म्हणजे इलाख्यांतील प्रत्येक लहान-मोठ्या नगरपालिकेच्या दारांत हा प्रश्न येऊन उभा राहिला. महाडच्या नगरपालिकेनें सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकारानें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरांत राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हजारों अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां कागदावरचा हक्क प्रत्यक्षांत आला. त्यानंतर त्याच नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. चवदार तळ्याची कथा ही केवळ महाडची कथा नव्हे. नळकोंडाळें कोणत्या आळींत बसवावें, शाळेंत मुलांना कोठें बसवावें, स्मशानाकडे जाणारा रस्ता कोणासाठीं करावा, असे साधे वाटणारे ठराव जेथें जेथें झाले तेथें तेथें तोच प्रश्न होता. १९४६ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें आणि १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें त्याचा कायद्यापुरता निकाल लावला.

शहरी जीवनाची आणखी एक बाजू याहून अवघड होती. नगरें वाढलीं, पण मैला वाहण्याचें काम टोपल्यांतून आणि डोक्यावरूनच होत राहिलें. सुशिक्षित गृहस्थ ज्या स्वच्छतेचा अभिमान बाळगीत ती दुसऱ्याच्या मस्तकावरून वाहत होती. १९४९ सालीं मुंबई सरकारनें वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली. तिनें आपला वृत्तांत १९५२ सालीं दिला आणि या कामांतील हीन पद्धति बदलण्याच्या सूचना केल्या. ही प्रथा बंद करणारे देशव्यापी कायदे व्हावयाला मात्र १९९३ आणि २०१३ हीं सालें उजाडावीं लागलीं. नगराची प्रगति मोजावयाची झाल्यास रस्त्याच्या रुंदीआधीं ही गोष्ट मोजली पाहिजे.

नगररचनेचें शास्त्र म्हणून जें ओळखलें जातें त्याचा आरंभ आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानें झाला. वेड्यावांकड्या जमिनींची पुन्हा आंखणी करून रस्ते व मोकळ्या जागा काढाव्या आणि वाढलेल्या किमतींतून खर्च भागवावा, ही त्याची कल्पना. त्याच सुमारास स्कॉटलंडचे विचारवंत पॅट्रिक गेडीस हिंदुस्थानांत आले. पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक झाले. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. आधीं नगर पायीं हिंडून पाहावें, तेथील माणसें कशीं राहतात हें समजून घ्यावें, मग अगदीं जरूर तेथेंच हात घालावा, असें ते शिकवीत. तुळशीवृंदावन, विहीर, पार, लहानसा चौक यांना ते अडगळ मानीत नसत. पाश्चात्य पंडितानें येऊन पाराचें महत्त्व सांगावें लागलें यांत थोडा विनोद आहे. पण त्याचें सांगणें खरें होतें.

बारामतीपासून फार दूर नाहीं अशा कळंबच्या माळावर, इंदापूर तालुक्यांत, याच्या उलट प्रकारचा प्रयोग झाला. वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या दशकांत तेथें साखर कारखाना उभारला आणि त्याच्या भोंवतीं वालचंदनगर वसलें. मोकळ्या जमिनीवर रस्ते आधीं आणि घरें मागून. शाळा, दवाखाना, पाणी, वीज हें सर्व कंपनीच्या योजनेंतलें. रचनेच्या दृष्टीनें असें गांव जुन्या कसब्याहून किती तरी नीटनेटकें. परंतु तेथें रहिवासी हा नोकर म्हणून येतो आणि सोयी त्याला मालकाकडून मिळतात. नाईकांच्या वाड्याचा आश्रय आणि कंपनीच्या वसाहतीचा आश्रय यांत दोन शतकांचें अंतर असलें तरी घेणाऱ्याची भूमिका फारशी बदलत नाहीं. बारामतीच्या अरुंद गल्ल्या तितक्या नेटक्या नव्हत्या, पण त्यांविषयीं भांडण्याची जागा नगरांतच होती.

स्वातंत्र्यानंतर या परिसराचें रूप झपाट्यानें पालटलें. माळेगांव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथें सहकारी साखर कारखाने उभे राहिले. शेतकरी स्वतःच भागधारक झाला. १९६२ सालीं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालें. १९७१ सालीं कृषि विकास प्रतिष्ठान आणि १९७२ सालीं विद्या प्रतिष्ठान या संस्था सुरू झाल्या. १९६७ सालीं शरद पवार बारामतीहून विधानसभेवर निवडून गेले आणि राज्याच्या नकाशांत या नगराला मोठें स्थान मिळालें. पुढें औद्योगिक वसाहत, वस्त्रोद्योग आणि वैद्यकीय महाविद्यालयहि आलें. २०११ च्या शिरगणतींत नगराची लोकसंख्या सुमारें ५४,००० होती. त्यानंतर हद्दवाढ होऊन भोंवतालच्या वाड्या नगरांत आल्या.

कायद्यानेंहि साथ दिली. १९६५ च्या नगरपालिका अधिनियमानें सर्व महाराष्ट्राला एकच चौकट मिळाली आणि १९६६ च्या नगररचना अधिनियमानें प्रत्येक नगराची विकास योजना करणें आवश्यक झालें. या योजनेचा नकाशा म्हणजे नगराच्या भविष्याची कुंडलीच. खेळाचें मैदान येथें, भाजीबाजार तेथें, शाळा अमुक ठिकाणीं, असें त्यांत आरक्षण असतें. आणि ती मंजूर होण्यापूर्वीं ठरलेल्या मुदतींत कोणत्याहि नागरिकाला सूचना वा हरकत देतां येते. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यांत घेतली नाहीं तर मालकाला नोटीस देऊन आरक्षण उठविण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे नकाशावरचें हिरवें मैदान आपोआप मैदान होत नाहीं. शेजारच्या चार घरांनीं त्याचा पाठपुरावा केला तरच तें उरतें. नाहीं तर दहा वर्षें सरतात आणि मुलें रस्त्यावर खेळतात.

१९९३ सालीं अमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांना घटनेंत स्थान दिलें, १८ विषयांची यादी त्यांच्यासाठीं जोडली आणि स्त्रियांना एकतृतीयांश जागा राखून दिल्या; महाराष्ट्रांत २०११ पासून हें प्रमाण निम्म्यावर गेलें. पाणी भरणें, मुलांना शाळेंत पोंचविणें, बाजार करणें हा नगराचा खरा अनुभव ज्यांच्या पदरीं असतो त्यांना कारभारांत स्थान मिळालें, ही साधी घटना नव्हे. मात्र प्रभाग समित्या बसविण्याचें बंधन तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या नगरांपुरतेंच आहे. बारामती, इंदापूर यांसारख्या नगरांना तें लागू नाहीं. तेथें आळीची सभा भरवावयाची तर ती कायद्याच्या जोरावर भरणार नाहीं. लोकांच्या हौसेवर भरेल.

येथें सर्व इतिहासाचा धागा हातीं येतो. बारामतीला दात्यांची वाण कधींच पडली नाहीं. अठराव्या शतकांत सरदार होते, नंतर सरकार आलें, मग उद्योगपति, सहकारी संस्था आणि लोकनेते आले. प्रत्येकानें कांहीं ना कांहीं दिलें आणि त्याचें ऋण मानलेंच पाहिजे. परंतु नगराला भाग्यवान दाता मिळणें ही एक गोष्ट आणि नगरांत जागरूक नागरिक असणें ही दुसरी. पहिली दैवावर अवलंबून असते, दुसरी संवयीवर. आवर्तनाचें पाणी कोणत्या भागाला किती वेळ मिळतें, सांडपाणी शेवटीं कऱ्हेंत कोणत्या ठिकाणीं उतरतें, विकास योजनेंतलें मैदान कोठें आहे, गल्ली झाडणाऱ्याला वेळेवर पगार मिळतो कीं नाहीं, हे प्रश्न विचारण्याला पांडित्य लागत नाहीं. ते विचारण्याची संवय जेथें घरोघर असते तेथें नगरपालिका लहान असली तरी नगर मोठें होतें. आणि जेथें ती नसते तेथें रुंद रस्ते, दिवे आणि कारंजीं असूनहि माणसें एकमेकांच्या शेजारीं केवळ मुक्कामाला असतात.